संस्थेची घडी कशी बसते?

पुण्यात सकाळी सात-साडेसातला कोथरूड किंवा सहकारनगरच्या एखाद्या रस्त्यावर उभे राहिले, तर कचऱ्याचे एकच काम तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी चाललेले दिसते. रस्ता झाडणारा सेवक महापालिकेच्या आरोग्य कोठीवर हजेरी लावून आलेला असतो. त्याच्यावर मुकादम, मुकादमावर आरोग्य निरीक्षक, पुढे क्षेत्रीय कार्यालय आणि सगळ्यांच्या वर आयुक्त. कोपऱ्यावरच्या मोठ्या गाडीचा चालक बहुधा ठेकेदाराकडचा असतो. त्याचा पगार ठेकेदार देतो आणि ठेकेदाराला पैसे निविदेतल्या अटींनुसार मिळतात. तिसऱ्या असतात सोसायटीच्या फाटकातून ढकलगाडी आत नेणाऱ्या दोघीजणी. त्यांच्यावर मुकादम नाही आणि ठेकेदारही नाही. त्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर त्या तिच्या मालक आहेत.

शहर एक, रस्ता एक, कचराही तोच. मग माणसे जोडण्याच्या तऱ्हा तीन का? संस्थेची रचना म्हटले की डोळ्यांपुढे चौकटींचा तक्ता येतो. वरच्या चौकटीत अध्यक्ष, खाली व्यवस्थापक, त्याखाली खाती. तो तक्ता कोणीतरी विचारपूर्वक आखला असेल असे वाटते. पुण्यातल्या संस्थांची चरित्रे पाहिली तर मात्र तक्ता बहुतेक वेळा शेवटी आलेला दिसतो. पैसा कोण देतो, काम किती आधी ठरवता येते, बाजारात काय मिळते, कायदा काय बंधन घालतो आणि संस्था कोणत्या काळात जन्मली, या गोष्टींनी घडी आधीच बसवलेली असते.

‘स्वच्छ’चीच गोष्ट घेऊ. 1990 च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाने कचरावेचकांच्या मुलांसाठी काम सुरू केले. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण त्या कामात होत्या. मुलांना वर्गात आणायचे तर आयांच्या हातातल्या पोत्याचा प्रश्न सोडवावा लागतो, हे लवकरच त्यांच्या लक्षात आले. कुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या या बायका बहुतांश दलित समाजातल्या. पोलिसांचा संशय, रहिवाशांचा तिटकारा आणि भंगारवाल्याच्या काट्यावरची मारामार हे त्यांचे रोजचे जगणे होते. मे 1993 मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिने कामगार संघटना म्हणून नोंदणी केली.

ही निवड साधी नव्हती. धर्मादाय न्यास काढता आला असता, महिला मंडळ काढता आले असते. पण न्यासात कचरावेचक बाई लाभार्थी ठरली असती; संघटनेत ती कामगार ठरली. महापालिकेने मान्यता दिलेले ओळखपत्र मागायचे तर दुसरी ओळख कामाची होती, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते ओळखपत्र मिळालेही. रचना निवडताना माणसाची ओळखही निवडली जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

मग 2000 साली केंद्र सरकारचे घनकचरा नियम आले. कचरा कुंडीतून न उचलता घरोघरी जाऊन, वेगवेगळा करून गोळा करा, असे त्यांनी महापालिकांना सांगितले. शहरासाठी ही चांगली गोष्ट होती. कचरावेचकांच्या मात्र पोटावर पाय येणार होता, कारण दारातून कचरा थेट गाडीत गेला की कुंडी रिकामी आणि पोतेही रिकामे. दारात जाण्याचा हक्क आपल्यालाच हवा, तर महापालिकेशी करार करणारी, कामाची हमी देणारी संस्था हवी. पंचायत ही भांडणारी संस्था. जिच्याशी उद्या भांडावे लागेल तिच्याच करारात सेवेची हमी देणे तिला अवघड गेले असते. म्हणून 2007 मध्ये ‘स्वच्छ’ ही वेगळी सहकारी संस्था नोंदवली गेली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. माणसे बरीचशी तीच, घरे दोन. एक लढण्यासाठी आणि एक काम चालवण्यासाठी.

आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक ‘स्वच्छ’च्या सभासद आहेत आणि त्यांत बायकांचे प्रमाण फार मोठे आहे. इतक्या माणसांच्या रोजच्या कामावर देखरेख ठेवायला मुकादमांची फौज का लागत नाही? उत्तर पैशाच्या वाटेत आहे. दरमहाचे शुल्क घरोघरचे रहिवासी देतात आणि वेचलेल्या सुक्या मालाची विक्री त्या बाईच्या पदरात पडते. एक दिवस खाडा झाला तर तक्रार कोठीवर जायच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूच विचारतात, “मावशी, काल कुठे होता?” देखरेखीचे काम गिऱ्हाईकच करून टाकते. कचरावेचक बाईला रस असतो चांगल्या, कोरड्या, वेगळ्या केलेल्या कचऱ्यात, कारण भंगाराचा भाव त्यावर ठरतो. महापालिका सांगते म्हणून ती वर्गीकरण करते असे नाही.

या रचनेची किंमतही तीच मोजते. ठरीव पगार नाही. वस्तीत शुल्क देणारे कमी आणि देणाऱ्यांचा हातही आखडता. एखाद्या सोसायटीने पैसे थकवले तर वसुलीचे ओझे तिच्याच डोक्यावर. कराराची मुदत संपत आली की पुढे काय, या काळजीचे सावट सगळ्यांवर. मुकादम नसणे हे स्वातंत्र्य खरे, पण मुकादमामागे उभा असलेला पगारपत्रकाचा आधारही त्याबरोबर जातो. ‘स्वच्छ’चे कौतुक करणाऱ्यांनी ही दुसरी बाजू नजरेआड करू नये.

बाबा आढावांच्या आधीच्या कामात हाच प्रश्न उलट्या बाजूने आला होता. पुण्याच्या घाऊक बाजारातला हमाल कोणाचा नोकर? सकाळी तो एका आडत्याच्या गाळ्यावर गूळ उतरवतो, दुपारी दुसऱ्याकडे कांदा. शंभर मालक असलेल्या माणसाला खरे तर एकही मालक नसतो, आणि मालक नाही म्हणून फंड नाही, रजा नाही, अपघाताची भरपाई नाही. 1950 च्या दशकात उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने हे दुखणे वेशीवर टांगले. मुंबईतही माथाडी कामगारांची चळवळ अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली जोर धरत होती. त्यातून 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला आणि त्याने एक अनोखी रचना जन्माला घातली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही या कायद्याखालच्या मंडळाकडे भरायची, मंडळाने ती हमालाला द्यायची आणि लेव्हीतून त्याचा फंड, बोनस, औषधपाणी चालवायचे. मंडळावर कामगार, व्यापारी आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी. कामाचा खरा गट म्हणजे टोळी; ती पूर्वी होती तशीच राहिली. कायद्याने टोळी मोडली नाही, तिच्या डोक्यावर छप्पर घातले. व्यवस्थापनशास्त्राच्या परदेशी पुस्तकांत ही रचना सहसा सापडत नाही, आणि महाराष्ट्राने तिचा अभिमान बाळगावा इतकी ती मोलाची आहे.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिंपरीकडे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1966 मध्ये पुण्यात पाय रोवले. गंमत अशी की इथून पहिले वाहन बाहेर पडायला 1977 उजाडले. मधली वर्षे कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी कशात घातली? मुलांना शिकवण्यात आणि यंत्रे बनवणारी यंत्रे बनवण्यात. आधी प्रशिक्षण विभाग आणि टूल रूम, नंतर प्रेसच्या डाय, मशीन टूल, फाउंड्री. मालमोटारीला लागणारे जवळजवळ सगळे एकाच छपराखाली आणायचे, असा तो कारखाना घडत गेला. बाहेरून पाहणाऱ्याला हा एका माणसाच्या हट्टाचा खेळ वाटेल. पण त्या काळचा देश आठवावा. परकीय चलनाची टंचाई, आयातीला परवाना, आणि अचूक मापाचा भाग वेळेवर देईल असा पुरवठादार हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. बाजारात जे विश्वासाने मिळत नाही ते घरात करावे लागते आणि घरात केले की त्याचे एक खाते उभे राहते. कारखाना अवाढव्य होण्याचे कारण असे कारखान्याच्या भिंतीबाहेर होते.

1991 नंतर तीच भिंत विरळ होऊ लागली. भोसरीच्या लघुउद्योगांत टेल्को आणि बजाजसाठी सुटे भाग करत हात बसलेले लोक होतेच, पुढे चाकण-तळेगावला परदेशी कंपन्याही आल्या. 1995 मध्ये टाटा समूहाने सुटे भाग बनवण्यासाठी टाटा ऑटोकॉम्प ही स्वतंत्र कंपनी काढली. टेल्कोचा मशीन टूलचा विभागही पुढे वेगळी कंपनी झाला. पूर्वी जे काम एका खात्याने दुसऱ्या खात्याला सांगून व्हायचे, ते आता एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला खरेदीचा आदेश देऊन होऊ लागले. भोसरीतल्या कित्येक छोट्या कारखान्यांचे मालक मोठ्या कारखान्यांच्या टूल रूममध्ये शिकून बाहेर पडलेले आहेत, हे पिंपरी-चिंचवडमध्ये कोणीही सांगेल.

कामाचे तंत्र रचनेवर किती हुकूम चालवते याचा शोध इंग्लंडमध्ये जोन वुडवर्ड यांनी 1950 च्या दशकात घेतला. दक्षिण एसेक्स भागातले शंभर कारखाने त्यांनी पाहिले. ग्राहकाच्या मागणीनुसार एकेक नग घडवणारे, एकसारखे नग हजारोंनी काढणारे आणि तेल-रसायनांसारखे अखंड वाहते उत्पादन करणारे, असे तीन गट त्यांनी पाडले. मोठ्या प्रमाणावर एकसारखे नग काढणाऱ्या कारखान्यांत एका पर्यवेक्षकाच्या हाताखाली सरासरी 48 कामगार होते, एकेक नग घडवणाऱ्यांत 23 आणि अखंड उत्पादनात फक्त 15. आकडे उघड बोलतात. साखळीवर काम आधीच ठरलेले असते, त्यामुळे एक माणूस अनेकांना पुरतो. रसायनाच्या टाकीत चूक झाली तर सगळी टाकी जाते, म्हणून तिथे डोळे जास्त लागतात आणि पायऱ्याही.

पुण्यात याला आणखी एक पुरवणी जोडता येते, ती हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची. 1966 मध्ये सायरस पूनावाला यांनी सुरू केलेली ही संस्था लस बनवते. लस करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता खाते उत्पादन खात्याच्या हाताखाली ठेवता येत नाही; औषधनिर्मितीचे नियमच तसे आहेत. तयार झालेली बॅच बाहेर पाठवायची की नाही, याचा निर्णय ती करणाऱ्याने घ्यायचा नसतो. त्यापुढे हिमाचलमधल्या कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेची मान्यता हवी. मालकाची इच्छा काहीही असो, या कारखान्याच्या तक्त्यातल्या दोन चौकटी कायद्याने वेगळ्या ठेवलेल्या आहेत, आणि तान्ह्या बाळाच्या दंडात सुई जाते तेव्हा त्या वेगळ्या असण्यावरच आईबापांचा विश्वास टेकलेला असतो.

धंद्याचा बेत बदलला की रचना बदलते, हे अमेरिकन इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनी 1962 मध्ये ड्यू पाँ आणि जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांच्या अभ्यासातून मांडले. आकुर्डीला त्याचा दाखला आहे. स्कूटर विकता विकता वाढलेला वित्तव्यवसाय आणि दुचाकीचा व्यवसाय यांची गरज वेगळी, जोखीम वेगळी. 2008 मध्ये बजाज ऑटोचे विभाजन झाले, वाहने एका कंपनीत आली आणि विमा-वित्त बजाज फिनसर्व्हमध्ये.

पैसा, बाजार, तंत्र, कायदा यांच्यापेक्षाही चिवट असा एक घटक आहे, तो म्हणजे संस्थेचा जन्मकाळ. समाजशास्त्रज्ञ आर्थर स्टिंचकोम यांनी 1965 मध्ये असे मांडले की संस्था ज्या काळात जन्मते त्या काळाची घडण ती पुढे अनेक दशके अंगावर वागवते. हे पटवून घ्यायला फर्ग्युसन रस्त्यापेक्षा चांगली जागा नाही.

जानेवारी 1880 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सोबत्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकरही लवकरच येऊन मिळाले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. पैसा तुटपुंजा. सरकारी नोकरीच्या तोडीचा पगार देणे शक्य नव्हते आणि पाद्र्यांच्या शाळांशी बरोबरी तर करायची होती. या कात्रीतून जी रचना निघाली ती म्हणजे आजीव सदस्यांची. पदवीधर तरुणाने 20 वर्षे संस्थेला द्यायची, महिना 75 रुपये घ्यायचे, आणि या सेवकांनीच मिळून संस्था चालवायची. शिकवणारे आणि चालवणारे वेगळे नाहीत. मालक नाही, म्हणून नोकरही नाही.

एका त्यागाच्या पायावर उभी केलेली ही इमारत सहा वर्षांतच हादरली, आणि ज्या जागी हादरली ती जागा रचनेच्या अभ्यासकाने नीट पाहण्यासारखी आहे. सगळ्यांना सारखे वेतन असेल तर बाहेरच्या कमाईचे काय? एखाद्याने पुस्तक लिहून पैसे मिळवले तर ते कोणाचे? आणि पैशाचे सोडा, वेळ कोणाचा? टिळकांचे म्हणणे ठाम होते: आजीव सदस्याचा सगळा वेळ संस्थेचा आणि बाहेरची कमाईही संस्थेची. इतरांना इतके कडक बंधन व्यवहार्य वाटत नव्हते. 1890 मध्ये आजीव सदस्य असलेले तरुण गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले तेव्हा वाद विकोपाला गेला आणि वर्षअखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले. टिळक-आगरकरांचा वाद म्हटले की सामाजिक सुधारणा आठवतात. त्या होत्याच, पण तुटण्याच्या वेळी टेबलावर होता तो नियमावलीचा प्रश्न. सारखेपणावर बांधलेल्या रचनेत अपवाद कोणी मागायचा आणि कोणी मंजूर करायचा, याची तरतूद नव्हती. वर कोणी साहेब नसल्यामुळे निवाडा बहुमताने होणार, आणि बहुमताने हरलेल्याला बाहेरचाच रस्ता.

तरीही बीज टिकले. गोखल्यांनी आपली वर्षे पुरी केली, महिना 30 रुपयांच्या निवृत्तिवेतनावर ते 1902 मध्ये बाहेर पडले आणि 1905 मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापला. तिथेही आजन्म सेवेची शपथ आणि बेताचा निर्वाहभत्ता. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे आजीव सदस्य धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी निष्काम कर्ममठ काढला, त्याची कल्पना त्याच वळणाची. 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतही आजीव सेवकांची परंपरा आहे. कारण सोपे आहे. माणसाला काही उभारायचे असते तेव्हा तो आजूबाजूला उभे असलेले नमुने पाहतो, आणि पुण्यात तो नमुना उभा होता. सगळ्या शिक्षकांची वेतनश्रेणी सरकार ठरवू लागल्यावर त्यागाचे मूळ गणित राहिले नाही. आजीव सदस्य हा शब्द मात्र राहिला.

महापालिकेचेही असेच. पुणे महापालिका 15 फेब्रुवारी 1950 रोजी अस्तित्वात आली, ती 1949 च्या मुंबई प्रांतिक कायद्याखाली. नगरसेवक लोक निवडून देतात, महापौर नगरसेवक निवडतात, आणि अंमलबजावणीचा अधिकार सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे. ही विभागणी इंग्रजांनी मुंबई शहरासाठी बसवली होती. रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल महापौरांना जाब विचारणाऱ्या पुणेकराला त्या जुन्या घडीचा अनुभव आजही येतो.

सगळ्यात मोठी संघटना मात्र पुण्यात वर्षातून दोन रात्रीच मुक्कामाला असते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी. लाखो माणसे, अडीचशे किलोमीटरच्या घरातली वाट, आणि पगारावर जवळजवळ कोणी नाही. आकार वाढला की अधिकाऱ्यांच्या पायऱ्या वाढतात असे पुस्तके सांगतात. इथे तसे झालेले नाही, कारण सगळा भार दिंडी नावाच्या लहान घटकावर टाकलेला आहे. दिंडीत माणसे एकमेकांना ओळखतात, भिशी भरतात, आपला तंबू आणि स्वयंपाक आपणच पाहतात. दिंडीचे चालणेही ठरलेले: पताका, टाळकरी, पखवाज, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. रथापुढच्या 27 दिंड्या आणि मागच्या दिंड्या आपापला क्रम सोडत नाहीत. आजच्या सोहळ्याची शिस्त घालून दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते शिंद्यांच्या सरदारांपैकी होते, आणि अश्व, जरीपटका, चोपदार, तळ या शब्दांत लष्कराची सवय स्पष्ट दिसते. इथेही जन्मकाळ बोलतोच आहे.

एवढ्या समुदायात कोणाचे गाऱ्हाणे असेल तर ते कोणाकडे जाते? मुक्कामाच्या तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार हातातला चोप उंचावतो आणि टाळ-पखवाज एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातो, ऐकून घेतो आणि निवाडा होतो. हरवले-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो, दुसऱ्या दिवशीच्या निघण्याची वेळ सांगितली जाते आणि त्यानंतरच आरती सुरू होते.